सात थर

माझ्या डाव्या पायाचं माप तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नोंदलेलं आहे. दवाखान्याच्या फाइलीत लिहिलंय, उजव्यापेक्षा ४५ मिलिमीटर कमी. सांगलीच्या एस.टी. स्टँडजवळ बसणारे चप्पलवाले मामा गेली १८ वर्षं माझी डावी चप्पल उंच करून देतात. अर्ध्या सेंटिमीटरचा एक थर, या त्यांच्या हिशेबात तो पाय ‘नऊ थर’ आहे. आणि स्थळं बघायच्या दिवसांत आई समोरच्या मंडळींना सांगायची, ‘जरासा आखूड आहे.’

गेल्या ऑक्टोबरात मी आणि दादा रशियातल्या कुर्गान या गावी जाऊन आलो. पाय लांब करण्याचं ऑपरेशन येत्या मे महिन्यात आहे. ते करावं का, कुठं करावं आणि किती करावं, हे ठरवायला केलेल्या प्रवासाची ही हकीकत.

सायकल दादाची होती. तो सातवीत, मी बालवाडीत. कॅरिअरवर बसायचं, पाय फाकवून धरायचे, एवढंच सांगितलेलं. कालव्याच्या रस्त्यावर खड्डा आला, मी भिऊन पाय आवळले आणि डावा पाय मागच्या चाकाच्या तारांत गेला. जखम दीड महिन्यात भरली. निभावलं, असं सगळ्यांना वाटलं. पण लहान मुलांच्या नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या जरा वर, कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड तिथून वाढतं. माझी ती चकती त्या दिवशी चिरडली होती. नडगीची वाढ खालून थांबली, शेजारचं बारीक हाड मात्र वाढत राहिलं. त्यामुळं पाऊल हळूहळू आत वळलं आणि घोटा आखडला. दहावीपर्यंत डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडला. अपघातानंतर दादानं सायकलचं कॅरिअर काढून टाकलं होतं. का काढलं, हे घरात कुणी विचारलं नाही.

मी वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं काम. तिशीनंतर कंबर आणि उजवा गुडघा बोलायला लागले. हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला एकदा कोल्हापुरी चप्पल घालायची होती, दोन्ही पायांत एकसारखी.

नडगी लांब करता येते, हे मला पुण्यातल्या एका सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. पायाभोवती पोलादी कडी बसवतात. दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या तारा हाडातून आरपार नेऊन त्या कड्यांना ताणून बांधतात. मग हाडाचं बाहेरचं कवच कापतात, आतली मज्जा आणि रक्तवाहिन्या होतील तेवढ्या जपतात. आठवडाभर काही करायचं नाही. त्यानंतर कड्यांमधल्या सळ्यांवरचे नट रोज थोडे फिरवायचे. दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम न करता पाव पाव मिलिमीटर असा चार वेळा. कापलेल्या दोन टोकांमध्ये फट पडत जाते आणि शरीर त्या फटीत नवं हाड भरत जातं. स्नायू, शिरा, कातडी, सगळ्यांना त्या चालीनं ओढून न्यायचं असतं. घाई केली तर नस दुखावते, फट मोकळी राहते. फार हळू केलं तर हाड आधीच जुळून बसतं. लांबी मिळाल्यावरही कडी लगेच निघत नाहीत. नवं हाड अंगाचं वजन पेलण्याइतकं टणक होईपर्यंत थांबावं लागतं. प्रौढ माणसाला एका सेंटिमीटरमागं महिना, सव्वा-दीड महिना कड्यांत काढायची तयारी हवी.

हे महाराष्ट्रातही होतं. पुण्यात, मुंबईत होतं. अकोल्यात तर इलिझारोव्ह पद्धतीचं केंद्रच आहे. मग रशिया कशाला, असं ज्यानं त्यानं विचारलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आई सत्तरीची, दादा दिवसभर कुपवाडच्या एमआयडीसीत स्वतःच्या दोन लेथमध्ये अडकलेला. कुर्गानच्या रुग्णालयात लांबी वाढण्याच्या काळात रुग्णाला ठेवून घेतात, पट्ट्या, व्यायाम, एक्स-रे सगळं एका छताखाली होतं, हे आम्ही पत्रव्यवहारातून समजून घेतलं होतं. माझा घोटाही वाकडा होता, म्हणजे लांबीबरोबर पाऊल सरळ करण्याचं काम होतं. आणि दादाचं म्हणणं वेगळंच होतं. ‘जिथं ही गोष्ट जन्मली, तिथल्या माणसाला एकदा पाय दाखवू. तायडे, मी यातलं एवढं एकच मागतोय.’ मी म्हटलं, ‘मग एकदम ऑपरेशनला नको. आधी नुसतं जाऊन येऊ.’

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, दिल्लीहून विमानानं मॉस्को, तिथल्या कझान स्टेशनवरून पुन्हा आगगाडी. विमानानं अजून पुढं जाता आलं असतं. पण परतताना कदाचित कड्यांसकट यावं लागेल, तेव्हा गाडीच्या पायऱ्या किती उंच, बाकाची लांबी किती, संडासापर्यंत किती पावलं, हे आताच बघून ठेवू, असं मी ठरवलं होतं. तसं वहीत लिहीतही गेले. रशियन गाडीच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. खालच्या बर्थवर आडवा पाय मावतो, पण जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का लागतो. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचं मोठं पात्र असतं, तिथवर कुबड्यांवर जाऊन भरला पेला घेऊन परत येणं जमणार नाही. म्हणजे सोबत माणूस हवा किंवा झाकणाची बाटली हवी.

मॉस्को ते कुर्गान दोन हजार किलोमीटरहून जास्त, दीड दिवसाचा प्रवास. डब्याची देखरेख करणारी बाई धातूच्या जाळीदार कडीत बसवलेल्या काचेच्या पेल्यातून चहा आणून द्यायची. आम्ही तिला भडंग दिलं. तिनं मुठीनं खाल्लं आणि तिखट लागल्यावर डोळे पुसत पुन्हा हात पुढं केला. पहिल्या रात्रीनंतर व्होल्गा लागली. पुलावरून गाडी जाताना दादा खिडकीशी उभा राहून पाणी संपायची वाट बघत होता. कृष्णेच्या पुराशिवाय एवढं पाणी आम्ही पाहिलेलं नाही. पुढं उफा, मग उरल. मी उंच डोंगरांची कल्पना करून बसले होते, पण उरल सह्याद्रीसारखा अंगावर येत नाही. बर्चची पिवळी झाडं, मधून मधून खडक, वळणं घेत हळू चढणारी गाडी. झ्लाटऊस्तच्या पुढं उर्झुम्का नावाच्या स्टेशनाजवळ रुळांच्या कडेला दगडी स्तंभ आहे. एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला आशिया. त्यापुढं डोंगर उतरतात, चेल्याबिन्स्क येतं आणि सपाट पश्चिम सैबेरिया सुरू होतो.

कुर्गानला उतरून घड्याळ लावायला गेले तेव्हा कळलं, भारतापेक्षा ते फक्त अर्धा तास मागं आहे. मॉस्को अडीच तास मागं. दीड दिवस पूर्वेकडं चालून आम्ही घराच्या वेळेजवळ परत आलो होतो. आई सकाळी साडेआठला देवपूजेला बसते तेव्हा कुर्गानमध्ये आठ वाजलेले असतात. ही गोष्ट मी वहीत पहिल्या पानावर लिहिली.

कुर्गान म्हणजे थडग्यावर रचलेला मातीचा उंचवटा. तशा प्राचीन टेकाडावरून गावाचं नाव पडलं. तोबोल नदीच्या काठचं, साधारण तीन लाख वस्तीचं शांत गाव. एकोणिसाव्या शतकात झारविरुद्ध उठलेल्या डिसेंब्रिस्टांपैकी काहींना इथं हद्दपार करून ठेवलं होतं. ज्या गावात माणसांना शिक्षा म्हणून पाठवत, तिथं नंतरच्या काळात जगभरातून माणसं आपण होऊन पाय घेऊन येऊ लागली, ती एका डॉक्टरामुळं.

गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. बालपण कॉकेशसमध्ये, गरिबीत गेलं. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचं वैद्यकीय महाविद्यालय क्रिमियातून कझाकस्तानात हलवलं गेलं. तिथून १९४४ साली पदवी घेऊन बाहेर पडलेला हा तरुण डॉक्टर कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्हका नावाच्या खेड्यात नेमला गेला. युद्धाहून परतलेल्या सैनिकांची न जुळलेली हाडं, सडलेल्या जखमा, आखूड झालेले पाय त्याच्यासमोर येत. औषधं अपुरी, साधनं त्याहून अपुरी. प्लास्टरमध्ये माणूस महिनोन्‌महिने खाटेला खिळून राही. हाडाला घट्ट धरून ठेवायचं आणि माणसाला मात्र चालू द्यायचं, असं काही करता येईल का, या ध्यासातून १९५१ च्या सुमारास त्यांनी कडी आणि तारांचं यंत्र तयार केलं. आधी ते हाडं दाबून जुळवण्यासाठी होतं. एका रुग्णानं नट उलट्या बाजूला फिरवले, हाड जवळ येण्याऐवजी दूर गेलं आणि मधल्या फटीत नवं हाड दिसलं, अशी हकीकत सांगतात. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, त्या फटीचा अर्थ लावायला पुढची कित्येक वर्षं प्रयोग करत राहिलेला माणूस तोच होता. सावकाश, सलग ताण दिला की जिवंत पेशी वाढतात, हा त्यांचा सिद्धांत. मॉस्कोतले काही नामवंत सर्जन त्यांना फिटर म्हणून हिणवत, असंही सांगतात. दादानं हे ऐकलं आणि मान हलवली. ‘फिटर म्हणजे काय कमी असतो का?’ तो मनापासून म्हणाला.

गावाच्या कडेला असलेल्या रुग्णालयाच्या आवारात इलिझारोव्ह यांचा पुतळा आहे. सकाळी तिथं पोहोचलो तेव्हा मोसमातलं पहिलं बर्फ भुरभुरत होतं. आणि त्या बर्फात, गरम कोट घालून, पायाला कडी असलेली माणसं फिरत होती. शाळकरी मुलगी होती, दाढीवाले आजोबा होते, आपसात गप्पा मारत जाणारी जोडपी होती. आमच्याकडं असा माणूस रस्त्यात दिसला तर दहा जण थांबून बघतील. इथं कुणी बघत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा जागी उभी होते, जिथं माझी उंच चप्पल कुणाच्याच नजरेत आली नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही पायांचे उभ्यानं एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, घोट्याची मापं झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. दुभाषी बाई इंग्रजीतून सांगायच्या, मी दादाला मराठीतून. मी घरून एक वाक्य पाठ करून गेले होते, ‘मला पूर्ण साडेचार सेंटिमीटर हवेत.’ ते म्हणायची वेळच आली नाही. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही दिवसभरात काय काय करता, ते सकाळपासून सांगा.’

मी सांगत गेले. पहाटे अंगण झाडते. जमिनीवर मांडी घालून जेवते. शाळेत फळ्यापाशी उभी असते, मुलांजवळ उकिडवी बसते. एस.टी.ची पायरी चढते. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून चिखलातून जाते. प्रत्येक गोष्टीला ते डावा पाय कुठं असतो, घोटा किती वाकतो, ते करून दाखवायला लावत होते. मग त्यांनी लाकडी पाट्या मागवल्या. पातळ, गुळगुळीत, एकसारख्या. डाव्या पावलाखाली एकेक सरकवत गेले. आधी साडेचार. कंबर दोन्ही बाजूंनी समान आली. मला रडू येईल असं वाटलं. ‘चाला,’ ते म्हणाले. तेवढ्या उंचीचा तळ बांधून मी खोलीभर चालले आणि डाव्या पायाचा पंजा जमिनीला घासायला लागला. आखडलेला घोटा पाऊल वर उचलू देत नव्हता. इतकी वर्षं पाय आखूड होता म्हणून त्याला जमीन अडत नव्हती. चार सेंटिमीटरला पाय कमी घासला. साडेतीनला मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज गेले, परत आले. तीनला कंबर पुन्हा एका बाजूला झुकली.

‘साडेतीन,’ डॉक्टर म्हणाले. ‘पाऊल सरळ करू. घोटा आहे त्यापेक्षा बरा होईल, पण नवा होणार नाही. एक सेंटिमीटर चपलेत ठेवा.’

मी गप्प झाले. पंचवीस-तीस वर्षं जे माप डोक्यात धरून चालत होते, त्यातला एक सेंटिमीटर कुणीतरी शांतपणे बाजूला काढून ठेवला होता. मांडीत किंवा नडगीत घालायच्या चुंबकावर चालणाऱ्या सळीबद्दलही मी विचारलं, कारण तिच्यात बाहेर कडी नसतात, तारांची जखम नसते. त्यांनी ती वाईट म्हटली नाही. तिचा खर्च मोठा आहे आणि माझ्या घोट्याजवळचा वाकडेपणा हळूहळू फिरवत सरळ करायला कडीच हाताशी लागतात, एवढंच सांगितलं. मग काय काय बिघडू शकतं ते एकेक करून बोटांवर मोजलं. तारांपाशी जंतुसंसर्ग होतो, बहुतेकांना कधी ना कधी होतोच. पोटरी ताणली जाऊन टाच वर उचलली जाते, म्हणून रोज तासन्‌तास पाऊल ताणायचा व्यायाम करावा लागतो. बोटांत मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं, वेग कमी करता येतो. हाड उशिरा भरलं तर महिने वाढतात. झोप जाते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘चौथ्या महिन्यात तुमच्याजवळ कोण असेल?’

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. ऑपरेशनच्या दिवसाचं सगळं ठरलं होतं. पैसे, व्हिसा, दादाची रजा, सगळं. चौथ्या महिन्याचं पान कोरं होतं.

त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत एक तेलुगू तरुण भेटला. त्याच्या दोन्ही नडग्यांना कडी होती. पाय अधू नव्हते, उंचीसाठी आला होता, सहा सेंटिमीटरसाठी. खरं सांगते, आधी माझ्या मनात आलं, धडधाकट पाय का मोडून घ्यायचे? पण तो बोलत गेला आणि मी ऐकत गेले. वर्गात त्याला कायम पहिल्या बाकावर बसवलं होतं, नोकरीत, लग्नाच्या बोलण्यांत काय काय ऐकावं लागलं होतं. घरी त्यानं प्रशिक्षणाला जातोय असं सांगितलं होतं. खर्चाचा तक्ता त्यानं फार व्यवस्थित केलेला. ‘अक्का,’ तो इंग्रजीतून बोलता बोलता मला म्हणाला, ‘एकच गोष्ट लिहायची राहिली. रात्री तीन वाजता पाणी कोण देणार?’ चाळिसाव्या दिवसानंतर त्याला सलग दोन तास झोप नव्हती. घरी खोटं सांगितल्यामुळं रात्री फोन करायलाही कुणी नव्हतं. त्याच्या दुःखाचं माप काढणारी मी कोण? दादा रोज रात्री त्याच्या खोलीत जाऊन बसायला लागला. भाषेची अडचण त्यांना फारशी आली नाही. आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी त्यानं आईला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडची आई किती वेळ रडत होती, ते खोलीबाहेरही ऐकू येत होतं.

रुग्णालयातच एक संग्रहालय आहे. तिथं व्हालेरी ब्रूमेल यांच्याबद्दल माहिती मिळाली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधले उंच उडीचे सुवर्णपदक विजेते. पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा पाय चिंधड्या झाला. अनेक ऑपरेशनांनंतर १९६८ साली ते कुर्गानला आले आणि बरे होऊन पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच १९७० मध्ये इथं उपचार घेऊन गेले. इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये जुना न जुळलेला पाय घेऊन आले आणि त्यांचा पाय पाहिल्यावर इटलीतल्या डॉक्टरांनी १९८१ साली इलिझारोव्ह यांना आपल्याकडं बोलावलं. तीस वर्षं सैबेरियात राहिलेली पद्धत तिथून जगभर गेली.

दादाला यातलं काही फारसं ऐकू आलं नसावं. तो एका कड्यासमोर उभा होता. पोलादी कडं, त्यात एकमेकींना छेदत जाणाऱ्या दोन ताणलेल्या तारा. बराच वेळ बघून तो म्हणाला, ‘तायडे, हे चाक आहे.’

मग त्यानं मला समजावलं. सायकलच्या चाकाची तार बोटानं वाकते, एवढी बारीक. पण ताणून बसवली की तशा तारा मिळून माणसाचं वजन पेलतात. इथंही तेच. पावणेदोन मिलिमीटरची तार नुसती काय धरणार? शंभर किलोहून अधिक ताण देऊन बांधली की हाड हलत नाही आणि माणूस त्याच दिवसांत पाय टेकू शकतो. सोबत आलेल्या तंत्रज्ञानं त्याच्या हातात नमुन्याचं यंत्र आणि दहा नंबरचा पाना दिला. दादानं नट चाचपला, आटे नखानं मोजले. ‘एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. पाव फेरा म्हणजे पाव.’ त्यानं पाव फेरा दिला. डोळ्यांना काहीच हललेलं दिसलं नाही. लेथवर त्याहून बारीक मापं रोज पकडणारा माझा भाऊ त्या नटावर हात ठेवून तसाच थांबला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चाकाच्या तारा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. त्या दिवशी तो त्यानं आपण होऊन उच्चारला, त्यातलं गणित मला सांगितलं, आणि पाना खाली ठेवताना म्हणाला, ‘पहिले पंधरा दिवस मी फिरवीन. मग तू शिक.’

निघायच्या आदल्या दिवशी एका वयस्क परिचारिकेनं दुभाषीमार्फत आम्हाला समोर बसवून जे सांगितलं, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. हिवाळ्यात येऊ नका, जानेवारीत उणे पंधरा-वीस असतं, कुबड्या बर्फावर घसरतात. एप्रिल-मेमध्ये आलात तर चालण्याचे दिवस उन्हाळ्यात येतील. घट्ट कपडे आणू नका. मी सलवार दाखवली, तिनं घेर हातानं मापला आणि पसंतीची मान हलवली. इथलं जेवण तिखट नसतं, चटणी आणा. आणि पाय सुजतो, म्हणून पट्टे सैल करता येतील अशी सँडल आणा, तळ जाड, पण कापून कमी करता येईल असा. पाय वाढत जातो तशी चप्पल उतरत गेली पाहिजे. नाहीतर वाढलेला पायच कंबरेला वाकवतो.

परतीच्या गाडीत उर्झुम्काचा तो स्तंभ रात्री कधीतरी मागं गेला. मी दिव्याखाली वही उघडून चौथ्या महिन्याचं पान लिहायला घेतलं. घरी आल्यावर ते पुरं केलं. पहिले पंधरा दिवस दादा. त्यानंतर मावशी, जी तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि जिनं विचारताक्षणी पासपोर्ट काढायला टाकला. लांबी पुरी होऊन एक्स-रेवर ढगासारखं नवं हाड दिसेपर्यंत कुर्गानमध्ये मुक्काम. नंतर कड्यांसकट परत, विमानात बाजूला वाट असलेली जागा, सुरक्षा तपासणीसाठी धातूचं पत्र, पाय वर ठेवायला उशी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर देतील ते औषध. पुण्याच्या सर्जननी पुढचे एक्स-रे बघायचं कबूल केलंय. ते आधी विचारून ठेवलं, कारण दुसऱ्यानं केलेलं काम पुढं न्यायला प्रत्येक डॉक्टर तयार होईलच असं नसतं. घरी तळमजल्यावरच्या काकूंची पुढची खोली चार महिन्यांसाठी मिळाली. शाळेची रजा, अर्ध्या पगाराचा हिशेब, बिघाड झाला तर दुसऱ्या ऑपरेशनसाठी वेगळे काढलेले पैसे. ते वापरावे लागले नाहीत तर उत्तम, पण ते नसतील तर निघायचंच नाही, असं दादानं आणि मी ठरवलं.

त्या पानावर सगळ्यात वर मी लिहिलं होतं, साडेतीन. त्याखाली, सकाळी आठ म्हणजे घरचे साडेआठ. आईनं ते वाचून सांगितलं, पूजेला बसताना पहिला फेरा तिच्या लक्षात राहील.

मार्चमध्ये मी मामांकडं गेले. सँडल कशी हवी ते समजावून सांगितलं. दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे पाच दिवसांनी अर्धा सेंटिमीटर, म्हणजे दर पाच दिवसांनी एक थर उतरवायचा. मामा ऐरणीवर हात ठेवून ऐकत होते. माझ्या पायाचे नऊ थर त्यांनी रचले होते. ते उतरवण्याचं काम त्यांच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं.

‘म्हंजे पस्तीस दिसांत सात थर,’ ते म्हणाले.

‘हो, मामा.’

आठ दिवसांनी सँडल तयार होती. रुंद पट्टे, मऊ अस्तर, खाली हलक्या रबराचे थर. दादानं वर्कशॉपमधून आणलेल्या पेननं प्रत्येक थराच्या कडेला आकडा घातला, खालून सात, सहा, पाच. मामांनी मला त्यांच्या एका लहान रापीनं थर कसा सोडवायचा ते शिकवलं. कडेला रापी सरकवायची, ओढायची नाही, हळूहळू फिरवत न्यायची, मग डिंक आपण होऊन सोडतो. मी सरावासाठी एक तुकडा सोडवून बघितला. रापी त्यांनी कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या नको, हे दादानं लगेच आठवण करून दिलं.

मी थर मोजले. सात आकड्यांच्या वर आणखी दोन होते, त्यांवर आकडा नव्हता आणि ते रबराचे नव्हते.

‘ह्ये दोन चामड्याचं हायत, बाई,’ मामा म्हणाले. ‘ह्ये चिकटवल्यालं न्हाईत, शिवल्यात. ह्ये निघायचं न्हाईत.’

मी सँडल उजेडाकडं धरून शिवण बघितली. दोरा नव्हता. चामड्याच्या वादीची शिवण होती, कोल्हापुरीला असते तशी.